मृग लागला, म्हणजे नेमके काय झाले?



आखाजी झाली, सालदारांची नवी सालं ठरली, रोहिण्या सरत आल्या, की आपल्या खानदेशात पारावर, बांधावर आणि कारखान्याच्या गट ऑफिसात एकच विषय निघतो. मिरग कधी लागतो, आणि यंदा कशावर बसून येतो?

मृगाचे नाव आपल्या शेतीत जागोजाग आहे. जून-जुलैत लावलेल्या केळीला जळगावकडे मृगबाग म्हणतात. डाळिंब-मोसंबीला मृगबहार धरतात. पहिला पाऊस पडला की जमिनीतून लाल मखमलीचा ठिपका चालावा तसा एक किडा वर येतो, पोरंसोरं त्याला हातावर घेऊन खेळतात, त्याचेही नाव मृगाचा किडा. एवढे घरोब्याचे हे नक्षत्र. पण मृग म्हणजे काय, त्याला हरणाचे नाव का पडले, त्याची कथा कोणती, आणि त्याच्या भरवशावर घरातले बी मातीत टाकावे की नाही, याचा निवांत विचार करायला धांदलीच्या दिवसांत कोणाला सवड होत नाही. म्हणून या अंकात आम्ही मृगाची हकिकत सभासदांपुढे ठेवीत आहोत. पंचांगावर श्रद्धा असणाऱ्यांनी वाचावी आणि नसणाऱ्यांनीही वाचावी.

बारशाचे नक्षत्र आणि पेरणीचे नक्षत्र

चंद्र-सूर्य आकाशात ज्या वाटेने फिरताना दिसतात, त्या वाटेचे आपल्या पूर्वजांनी २७ सारखे भाग केले. एकेक भाग १३ अंश २० कलांचा. प्रत्येक भागाला तिथल्या ठळक ताऱ्यांवरून नाव दिले. अश्विनीपासून रेवतीपर्यंतची हीच ती २७ नक्षत्रे.

चंद्र ही सगळी वाट साधारण सव्वासत्तावीस दिवसांत चालून येतो. म्हणजे एका नक्षत्रात त्याचा मुक्काम जेमतेम एक दिवस. मुलाच्या जन्माच्या वेळी चंद्र ज्या नक्षत्रात असेल ते त्याचे जन्मनक्षत्र. सूर्याला मात्र तीच वाट चालायला पुरे वर्ष लागते. ३६५ दिवसांना २७ ने भागले तर साडेतेरा दिवस येतात. म्हणून सूर्य एकेका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस राहतो. पावसाची नक्षत्रे आपण मोजतो ती ही सूर्याची. थोडक्यात, बारशाचे नक्षत्र चंद्राचे आणि पेरणीचे नक्षत्र सूर्याचे. दोन्हींची नावे एकच असल्यामुळे पुष्कळांचा घोटाळा होतो.

मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त, चित्रा आणि स्वाती ही पावसाची अकरा नक्षत्रे. शेतकऱ्याने त्यांना आपली घरगुती नावेही ठेवली. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, हस्ताचा हत्ती. अक्षरओळख नसलेल्या आपल्या आजोबा-पणजोबांना ही अकरा नावे ओळीने पाठ असत. त्यांच्या घरी भिंतीवर कॅलेंडर नव्हते. दर पंधरवड्याला कोणते काम काढायचे, याचे वेळापत्रक त्यांनी या नावांत बांधून ठेवले होते.

तेव्हा 'मृग लागला' याचा सरळ अर्थ एवढाच, की सूर्य मृगशीर्ष नक्षत्राच्या हद्दीत शिरला. हल्ली हे ७ किंवा ८ जूनला घडते. २१-२२ जूनला सूर्य तिथून निघून आर्द्रात जातो. दक्षिणायन सुरू होते तेही त्याच सुमारास.

जूनमध्ये मृग दिसत नाही

आता एक गंमत. मृग लागतो त्या दिवसांत मृगाचे तारे आकाशात शोधायला गेलात तर दिसणार नाहीत. साहजिकच आहे. सूर्यच त्या भागात असल्यामुळे ते तारे दिवसा सूर्याबरोबर उगवतात आणि सूर्याबरोबर मावळतात. मेच्या मध्यापर्यंत ते संध्याकाळी पश्चिमेच्या उजेडात बुडून जातात, आणि जुलैत पहाटे पूर्वेला पुन्हा वर येतात.

मृग डोळे भरून पाहायचा तर आपल्या गळीत हंगामात पाहावा. दसरा-दिवाळीच्या सुमारास बॉयलरचे अग्निप्रदीपन होते, गव्हाणीत पहिली मोळी पडते, तेव्हा मृग रात्री उशिरा पूर्वेला वर येऊ लागलेला असतो. डिसेंबरात तो दिवेलागणीला उगवतो आणि पहाटेपर्यंत सोबत करतो. जानेवारीत रात्री नऊ-दहाच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करून उभे राहिलात तर तो अगदी उंच आलेला दिसतो. मार्च-एप्रिलात गाळप आटोपत येते, तेव्हा तो संध्याकाळी पश्चिमेकडे कललेला असतो. गळिताचा हंगाम आणि मृगाचा रात्रीचा हंगाम असे बरोबरीने चालतात. रात्रीच्या लाइटीवर उसाला पाणी देणाऱ्या सभासदाने आणि पहाटे फडात उतरणाऱ्या तोडणी मजुराने हे तारे शेकडो वेळा पाहिलेले आहेत, मग नाव ठाऊक असो वा नसो.

ओळखायला फार सोपे. एका मोठ्या चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार तारे, ते हरणाचे चार पाय. त्यांपैकी एक तांबूस आहे, त्याला काक्षी म्हणतात. त्याच्या समोरच्या कोपऱ्यावरचा निळसर पांढरा, त्याला राजन्य म्हणतात. चौकोनाच्या मधोमध एका रेघेत तीन तारे. जुनी माणसे त्यांना तिकांडे म्हणत. हा हरणाच्या पोटात रुतलेला बाण. आणि चौकोनाच्या उत्तरेला तीन बारीक, मंद ताऱ्यांचा झुबका आहे, ते हरणाचे डोके. 'मृगशीर्ष' म्हणजे हरणाचे डोके, आणि नक्षत्राचे खरे नाव त्या तीन मंद ताऱ्यांवरून आले आहे.

आता बाणाच्या त्या तीन ताऱ्यांची रेघ मनाने दोन्हीकडे लांबवा. आग्नेयेकडे लांबवली की ती एका अतिशय तेजस्वी ताऱ्यापाशी जाते. तो व्याध. रात्रीच्या सबंध आकाशात याच्याइतका तेजस्वी तारा दुसरा नाही. वायव्येकडे लांबवली की एका तांबूस ताऱ्याजवळ पोचते. ती रोहिणी. व्याध, बाण, हरीण आणि रोहिणी असे चौघे एका रेघेत आहेत. आता जी कथा सांगणार आहोत, ती या रेघेची कथा आहे.

प्रजापती आणि रुद्र

ही कथा ऋग्वेदाच्या ऐतरेय ब्राह्मणात आलेली आहे. फार जुनी, आणि ऐकायला जरा कठोर.

प्रजापती म्हणजे सृष्टी निर्माण करणारा. त्याला आपल्याच कन्येची अभिलाषा झाली. ही कन्या कोणी द्यौ म्हणजे आकाश मानतात, कोणी उषा मानतात. ती रोहित नावाच्या हरिणीचे रूप घेऊन पळाली, तेव्हा हा हरीण होऊन तिच्या मागे लागला. देवांनी हे पाहिले. जे करू नये ते प्रजापती करीत आहे, असे ते म्हणाले. पण त्याला शासन कोण करणार? तो तर सगळ्यांचा कर्ता. देवांपैकी एकट्यादुकट्याची छाती होईना. मग देवांनी आपापल्यातला जो उग्र अंश होता तो एकत्र केला आणि त्यातून एक देव उभा राहिला. तोच रुद्र. देव त्याला म्हणाले, याला वेध. त्याने वर मागितला, की पशूंचे स्वामित्व मला द्या. देवांनी ते दिले, म्हणून तो पशुपती झाला. मग त्याने बाण सोडला. बाण लागताच प्रजापती उसळून वर आकाशात गेला, तोच मृग. वेधणारा तो मृगव्याध. हरिणी ती रोहिणी. आणि तीन कांड्यांचा तो बाण अजून तिथेच आहे. आपले 'तिकांडे' हे नाव या बाणाशी जुळते. वेदातली गोष्ट पोथीत राहिली, पण तिचा शब्द शिवारात राहिला.

महाभारतातही या कथेचे दुसरे रूप आहे. तिथे यज्ञच हरणाचे रूप घेऊन आकाशात पळतो आणि रुद्र त्याचा पाठलाग करतो. पात्रे बदलली, पण हरीण, बाण आणि मागे लागलेला धनुर्धारी हे चित्र कायम राहिले.

कथेचा अर्थ विद्वान नाना तऱ्हांनी लावतात. आमच्या अल्पमतीला तिच्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. मर्यादा सोडली तर प्रत्यक्ष सृष्टिकर्त्यालाही बाण लागतो. नियम करणारा नियमाच्या वर नाही. आणि मोठ्याला आवरायचे तर एकट्याचे काम नव्हे, सगळ्यांनी आपला थोडाथोडा अंश एकत्र करावा लागतो. सहकारात वावरणाऱ्या माणसांना हे अधिक फोड करून सांगायला नको.

पत्रिकेतले मृगशीर्ष

ज्योतिषात मृगशीर्ष हे पाचवे नक्षत्र. त्याचा पहिला अर्धा भाग वृषभ राशीत आणि दुसरा अर्धा मिथुन राशीत येतो. त्याची देवता सोम म्हणजे चंद्र. शेजारच्या रोहिणीची देवता प्रजापती आणि आर्द्राची देवता रुद्र. म्हणजे कथेतली मंडळी पत्रिकेतही शेजारी-शेजारीच राहतात. विंशोत्तरी दशेत मृगाचा स्वामी मंगळ. गण देवगण. नामाक्षरे वे, वो, का, की. आराध्यवृक्ष खैर. मुहूर्तशास्त्रात चित्रा, अनुराधा, रेवती यांच्याबरोबर मृगाला मृदू नक्षत्र म्हटले आहे, म्हणून स्नेहाची, वस्त्रालंकाराची, गाण्याबजावण्याची कामे त्यावर करावीत असे सांगतात. या नक्षत्रावर जन्मलेला माणूस हरणासारखा चौकस, चपळ, थोडा बुजरा आणि सतत काहीतरी शोधणारा असतो, असेही म्हणतात. ज्याने त्याने आपल्या घरातल्या मृगनक्षत्री माणसाकडे पाहून हे पडताळून घ्यावे.

या सगळ्यात एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. देवता सोम, गण देव, नक्षत्र मृदू, या यादीत पाऊस कुठेच नाही. मृगाचा आणि पावसाचा संबंध जोडला तो शेतकऱ्याने, वर्षानुवर्षे आभाळ पाहून. तो अनुभवाचा संबंध आहे, आणि अनुभव पुन्हापुन्हा तपासावा लागतो.

पाटणचा मठ आणि धुळ्याचे शिक्षक

आभाळ तपासून पाहण्याचे हे काम आपल्या खानदेशात झालेले आहे, याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा.

चाळीसगावच्या नैऋत्येला, डोंगराच्या कुशीत पाटण आहे. पाटणादेवीच्या दर्शनाला आपल्यापैकी पुष्कळ जण गेले असतील. तिथला एक शिलालेख डॉ. भाऊ दाजी यांनी १८६५ साली उजेडात आणला. तो शके ११२८ चा, म्हणजे इ.स. १२०७ च्या सुमाराचा आहे. यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी चंगदेव याने पाटणला एक मठ स्थापन केला, आणि तो कशासाठी, तर आपले आजोबा भास्कराचार्य यांचे ग्रंथ तिथे शिकवले जावेत म्हणून. यादवांचे मांडलिक असलेल्या निकुंभ घराण्यातील राजांनी मठाला देणग्या दिल्या. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे आणि मठाला गावातून काय काय मिळावे याची व्यवस्था त्यात लावलेली आहे. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी आपल्या भागातल्या गावाने आपल्या उत्पन्नातला वाटा गणित शिकवण्यासाठी दिला.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ.स. १११४ चा. आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयाला आहे असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले. ते गाव नेमके कोणते याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० साली त्यांनी 'सिद्धांतशिरोमणी' पूर्ण केला. 'लीलावती' हा त्याचाच एक भाग. या ग्रंथात आकाश मोजण्याच्या यंत्रांचे वर्णन करताना भास्कराचार्यांनी सगळ्यांत श्रेष्ठ मान दिला तो धीयंत्राला, म्हणजे बुद्धीच्या यंत्राला. हातात एक काठी आणि डोक्यात बुद्धी असली की उंची, अंतर, ग्रहतारे सारे मोजता येते, असा त्यांचा रोख. ग्रंथात लिहिले आहे म्हणून मान डोलावणारा हा माणूस नव्हता. डोळ्यांनी पाहा आणि गणिताशी ताडून पाहा, हे त्यांचे शिकवणे.

दुसरे नाव शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचे. हे मूळचे दापोली तालुक्यातील मुरूडचे, जन्म १८५३ चा. शिक्षणखात्यात नोकरी करता करता ते धुळ्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिक्षक होते. शाळामास्तरांना शिकवण्याची नोकरी सांभाळून त्यांनी 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा प्रचंड ग्रंथ मराठीत लिहिला. तो १८९६ साली प्रसिद्ध झाला आणि दोनच वर्षांनी दीक्षित वारले. कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, असा उल्लेख शतपथ ब्राह्मणात आहे. आज पाहावे तर कृत्तिका पूर्वेच्या बऱ्याच उत्तरेला उगवतात. मग त्या ठीक पूर्वेला कधी उगवत असतील? दीक्षितांनी गणित मांडले आणि इसवी सनापूर्वी सुमारे ३००० वर्षे हा काळ काढला. त्याच सुमारास, १८९३ साली, लोकमान्य टिळकांचा 'ओरायन' हा ग्रंथ निघाला. ओरायन म्हणजेच आपला मृग. फार प्राचीन काळी, इसवी सनापूर्वी सुमारे ४००० वर्षे, दिवस-रात्र समान होण्याचा वसंतातला बिंदू मृगात होता आणि वर्ष तिथून सुरू होत असे, असे टिळकांनी मांडले. मार्गशीर्षाला 'आग्रहायण' म्हणजे वर्षाच्या आरंभाचा महिना म्हणतात, याचा उलगडा त्यांनी असा केला. हे काळ सगळ्याच विद्वानांनी मान्य केले असे नाही. पण नक्षत्रे आणि ऋतू यांची सांगड कायमची नाही, ती सरकते, हा त्यांच्या विवेचनाचा पाया पक्का आहे.

ही सांगड का सरकते ते समजायला भोवरा डोळ्यांपुढे आणावा. फिरता फिरता भोवऱ्याची मान हळूहळू गोल डोलते. पृथ्वीची मान अशीच डोलते आणि एक डोल पुरा व्हायला सुमारे २६,००० वर्षे लागतात. त्यामुळे नक्षत्रांचे वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे वीस मिनिटांनी मोठे भरते. वीस मिनिटे म्हणजे काहीच नाही, असे वाटेल. पण थेंबे थेंबे तळे साचते. सुमारे सत्तर वर्षांत मृगाची तारीख एक दिवस पुढे जाते. म्हणून जुनी माणसे ७ जून म्हणत आली आणि हल्ली पंचांगात पुष्कळदा ८ जून दिसतो. भास्कराचार्यांच्या काळी तर सूर्य मृगात शिरत असे तो आजच्या कॅलेंडराने मेच्या शेवटच्या आठवड्यात. नऊशे वर्षांत बारा दिवस सरकले. पाऊस काही मृगाचे बोट धरून बारा दिवस पुढे आलेला नाही. त्याची वाट वाऱ्यांची आणि समुद्राची आहे.

तारीख तीच, पाऊस वेगळा

फार लांब कशाला जायचे? दोन अलीकडची वर्षे समोर ठेवू.

२०२३ साली मोसमी पाऊस केरळात पोचला तोच ८ जूनला, म्हणजे ऐन मृगाच्या दिवशी. त्यानंतर कोकणापर्यंत येऊन तो अडकून बसला. मुंबईला पोचला २५ जूनला. तोवर मृग संपून आर्द्रा लागले होते. त्या वर्षीचा ऑगस्ट तर देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला.

२०२५ साली नेमके उलट. केरळात २४ मेला आणि मुंबईत २६ मेला मोसमी पाऊस हजर. मृग लागायला अजून दोन आठवडे होते, रोहिणी नुकती लागली होती. लोक हरखले, पेरणीची घाई सुरू झाली. आणि मग मोसमी वाऱ्यांची वाटचाल जूनच्या मध्यापर्यंत थांबली. पेरणीची घाई करू नका, असे कृषी खात्याला वारंवार सांगावे लागले.

दोन वर्षांच्या अंतराने एकाच शहरात पाऊस पोचण्यात महिन्याचा फरक, आणि मृग मात्र दोन्ही वर्षी आपल्या तारखेला हजर. आता सांगा, चूक कोणाची? आमच्या मते मृगाची मुळीच नाही. सूर्य ठरल्या वेळी ठरल्या जागी आला. तो पाऊस घेऊन येतो, असे त्याने कधी कबूल केले नव्हते. मृग हंगामाची वेळ सांगतो. पाऊस पडल्याची पावती तो देत नाही.

कोल्हा की हत्ती

वाहनाचेही असेच. पंचांगात प्रत्येक पर्जन्यनक्षत्राला वाहन दिलेले असते. बेडूक, म्हैस किंवा हत्ती असला की पाऊस भरपूर म्हणून आपण खूश होतो. हे वाहन कसे काढतात ते कळले तर बरे, म्हणून प्रचलित रीत देतो. सूर्य नक्षत्रात शिरतो त्या वेळी चंद्र कोणत्या नक्षत्रात आहे ते पाहायचे. सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचे आणि नवाने भागायचे. बाकी एक उरली तर घोडा, दोन तर कोल्हा, तीन तर बेडूक, चार मेंढा, पाच मोर, सहा उंदीर, सात म्हैस, आठ गाढव, आणि पुरा भाग गेला तर हत्ती.

समजा, मृग लागताना चंद्र श्रवणात आहे. मृगापासून श्रवणापर्यंत मोजले तर १८ येतात. नवाने भाग पुरा जातो, वाहन हत्ती. चंद्र एकच नक्षत्र मागे, उत्तराषाढात असता तर १७ आले असते, बाकी आठ, वाहन गाढव. एका दिवसाच्या चंद्रावर हत्तीचे गाढव होते. आणि या हिशेबात वारा नाही, ढग नाही, समुद्राची ऊब नाही. सबंध महाराष्ट्राला एकच वाहन. कोकणातही हत्ती आणि साक्रीच्या माळावरही हत्तीच. वाहनाची मौज पारावर जरूर करावी, बियाण्याची पिशवी मात्र तिच्यावर फोडू नये.

मग आपण काय करायचे?

आपल्याकडे पाऊस मुळात बेताचा. जळगाव जिल्ह्यात वर्षाला सरासरी सहाशे-सातशे मिलीमीटर, धुळे जिल्ह्यात त्याहून कमी. अशा मुलखात दुबार पेरणी म्हणजे बियाणे गेले, मजुरी गेली, आणि हंगामाचे पंधरा-वीस दिवस गेले. गेलेले दिवस कोणतीही सोसायटी कर्जाऊ देत नाही. म्हणून सभासदांना आमची कळकळीची विनंती अशी.

पहिली गोष्ट, पाऊस मोजा. सरळ उभ्या कडांचा पत्र्याचा डबा मोकळ्या जागेत, झाडाझुडपापासून दूर, पक्का बसवावा आणि रोज सकाळी पट्टी घालून आतल्या पाण्याची खोली मिलीमीटरमध्ये वहीत लिहावी. एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एकरी सुमारे चार हजार लिटर पाणी. पंचवीस मिलीमीटर म्हणजे लाखभर लिटर. आकडा मोठा वाटतो, पण मेच्या उन्हात भाजून निघालेली जमीन तो पिऊन टाकते आणि दोन दिवसांत वर फुफाटा उडतो. कोरडवाहू शेतात ७५ ते १०० मिलीमीटर पाऊस झाल्याशिवाय आणि वीतभर खोल ओल गेल्याशिवाय तिफण काढू नका, असा कृषी खात्याचा सल्ला आहे. धूळपेरणी करणाऱ्यांनी निदान सगळे रान एकदम पेरू नये, थोडे राखून ठेवावे.

दुसरी गोष्ट उसाची. मृग लागला, आता पाऊस येणारच, या भरवशावर पुष्कळ जण उसाची पाण्याची पाळी चुकवतात. सुरू उसाची मोठी बांधणी याच सुमारास होते आणि ऊस जोमाने कांडी धरू लागतो. तेव्हा बसलेला ताण पुढे कितीही पाऊस झाला तरी भरून निघत नाही आणि वजनकाट्यावर तो दिसून येतो. जमिनीत ओल आहे की नाही हे पाहून पाणी द्या किंवा थांबवा. नक्षत्र पाहून नव्हे.

तिसरी गोष्ट हुमणीची. पहिला दमदार पाऊस झाला की जमिनीतून हुमणीचे भुंगेरे निघतात आणि संध्याकाळी अंधार पडताना कडुनिंब-बाभळीवर जमतात. तो पाऊस रोहिणीत पडो की मृगात, भुंगेरे तारीख पाहत नाहीत, ओल पाहतात. त्याच आठवड्यात फांद्या हलवून ते गोळा करावेत आणि रॉकेलमिश्रित पाण्यात टाकावेत. प्रकाश सापळे लावावेत. एकेक मादी जमिनीत अंडी घालते आणि श्रावण-भाद्रपदात तिचीच अळी उसाची मुळे खाऊन बेटच्या बेट वाळवते. एकट्याने करून भागत नाही, कारण भुंगेरे बांध ओलांडून येतात. सगळ्या गावाने एकाच वेळी केले तर उपयोग होतो. देवांनी आपापला अंश एकत्र केला तेव्हाच रुद्र उभा राहिला, हे इथे आठवावे.

चौथी गोष्ट अडसालीची. १५ जुलै ते १५ ऑगस्ट हा तिचा काळ, म्हणजे पुनर्वसूची अखेर, पुष्य आणि आश्लेषा. विहिरीत आणि बंधाऱ्यात तोवर पाणी किती आले, ते पाहून क्षेत्र ठरवावे. आधी क्षेत्र ठरवून मग पाण्याची वाट पाहू नये.

आणि शेवटची गोष्ट. येत्या गळीत हंगामात एखाद्या मोकळ्या रात्री घरातल्या मुलांना अंगणात घेऊन दक्षिणेकडे मृग दाखवावा. बाण, व्याध, रोहिणी ओळखायला शिकवावे. प्रजापतीची गोष्ट त्यांच्या वयाला झेपेल तशी सांगावी. आपल्या पणजोबांनी ही अकरा नावे पाठ केली होती, कारण त्यांच्या हाती दुसरे साधन नव्हते. तरीसुद्धा ते ढेकूळ फोडून ओल पाहिल्याखेरीज पाभर जुंपत नसत. आपल्याजवळ पर्जन्यमापक आहे, रेडिओ आणि मोबाइलवर हवामानाचा अंदाज आहे. पणजोबांची नावे आणि आपली मापे, दोन्ही सांभाळावीत.

यंदाचे मृग सर्व सभासदांना भरल्या ओलीचे जावो, ही सदिच्छा.